चौदावी चूक

स्टॅनी,

मला लांबून पाहिलंस की हल्ली तू मर्सीच्या दुकानात शिरतोस. परवा तिथून नको असलेल्या मेणबत्त्यांचा पुडा विकत घेऊन बाहेर पडलास, हे मला मर्सीनेच सांगितलं. तोंड चुकवायला वीज गेलेली असावी लागत नाही.

म्हणून लिहितेय. आपल्या वार्षिक अंकाला यंदा माझ्याकडून भुईगावच्या एखाद्या माणसाची ओळख हवी आहे. संपादकांना वाटलं असेल, म्हातारी कुणा दिवंगत फादरवर चार गोड पानं लिहील. मी तुझ्यावर लिहितेय. वाचणारे इतरही आहेत, तेव्हा तुला ठाऊक असलेलंही सांगावं लागेल. सहन कर.

तू व्हॅलेरियनचा धाकटा. दहावीला माझ्या वर्गात बीजगणिताला होतास. उत्तर नेहमी बरोबर, पायऱ्या गायब. पुस्तकाच्या मागे उत्तर बघायचं आणि तिथून उलटं वर चढत यायचं. मी गुण कापायचे. तू म्हणायचास, "बाई, उत्तर तर आलं ना?" मी म्हणायचे, "आलं नाही, आणलंस." वर्ग हसायचा. तूही हसायचास, हा तुझा आणखी एक दोष.

मग वालीवला बावीस वर्षं. बादल्यांची झाकणं ओतणाऱ्या कारखान्यात फिटर. बंद पडलेलं यंत्र सुरू करावं तर स्टॅनीनेच, असं सगळे म्हणायचे. कसं सुरू करायचास ते मला नंतर कळलं. त्या यंत्राच्या दाराला एक स्विच असतो. दार उघडं राहिलं की यंत्र थांबतं, लाल दिवा लागतो. तू तो स्विच तारेनं बांधून टाकायचास. लाल दिवा गेला, यंत्र सुरू, मालक खूश. एके दिवशी डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं त्या दारातून परत आली नाहीत.

हॉस्पिटलात मी तुला काय म्हणाले ते प्रिस्काला अजून आठवतं. बिचारी तुझी बायको, रडायचं सोडून माझ्याकडे बघत राहिली होती.

"मालक म्हणाला, माल आज जायला पाहिजे," तू म्हणालास.

"मालकाचं बोट गेलं का?"

"बाई, दिवा सारखा लागायचा हो."

"दिवा लागतो तो तुला छळायला नाही, स्टॅनी. तुझ्यासाठी लागतो."

तू मान हलवलीस. मी समजले, कळलं. एवढी वर्षं शिकवून मला अजून मान हलवण्याचा अर्थ कळत नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा तू एकोणपन्नासचा. त्या वयात माणसं पारावर बसून जगाला अक्कल शिकवतात. तू जुना लॅपटॉप आणलास आणि व्हिडिओ बघून प्रोग्राम लिहायला शिकलास. मला याचं कौतुक होतं. अजूनही आहे, म्हणून तर इतका राग येतो. आळशी माणसावर मी शाई वाया घालवत नाही.

आता विहिरीचं. आमची विहीर सात घरांची. चार घरं ख्रिस्ती, तीन हिंदू. सात घरं, सात वार. ज्याचा वार त्याचा पंप. लग्नकार्य असेल, कुणाची वाडी सुकत असेल तर आपला वार दुसऱ्या घराला द्यायचा, पण त्या सातांतल्याच. बाहेर एक बादलीही नाही. माझ्या सासऱ्यांनी एकसष्ट साली हे कागदावर उतरवलं, पाच जणांनी सह्या केल्या, दोघांनी अंगठे उठवले.

अलीकडे भांडणं वाढली. पंपखोलीतल्या फळ्यावर खडूने वार लिहायचो, तर कोणीतरी पुसायचं. तेव्हा तू माझ्या ओट्यावर येऊन म्हणालास, "बाई, आपण टोकन काढू. क्रिप्टोवाले काढतात तसं. सात टोकनं. ज्याच्या फोनवर बुधवारचं टोकन, त्याच्यासाठीच बुधवारी पंप सुरू होणार. पुसायला खडूच नको."

"आणि नियम?"

"नियम कोडमध्येच. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. एकदा नेटवर चढवलं की कोणाच्या बापाला बदलता येत नाही."

मला पटलं. मी सासऱ्यांचा कागद कपाटातून काढून तुझ्या हातात दिला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला, घाम लागेल म्हणून. त्यावरून नियम लिही म्हटलं.

आठवडाभर दुपारी तू माझ्या ओट्यावर. लिहिलेलं यंत्राला कळेल अशा रूपात बदलून घेतात, त्याला तुम्ही कंपाइल म्हणता. काही खटकलं की ते लाल अक्षरांत चूक दाखवतं आणि पुढे जात नाही. तुझ्या चौदा चुका निघाल्या. तुझं इंग्रजी कच्चं, माझे डोळे कच्चे. तू अक्षरं मोठी करायचास, मी वाचून मराठीत सांगायचे.

"सगळ्या एकदम बघू नकोस. पहिली काढ, तिच्या मागच्या चार आपोआप जातील," मी म्हणाले. गणितातही असंच असतं. गेल्याही. एक अर्धविराम राहिला होता. एका ठिकाणी आवृत्तीचा आकडा जुना होता. दोन ठिकाणी हे काम कोण करू शकतं तेच लिहिलं नव्हतं.

"आता म्हणतंय कॉन्ट्रॅक्टचा मालक कोण ते सांगा," मी वाचलं. "सातही जणांची नावं घाल."

"एकच चालतो, बाई."

"मग तुझं घाल. चढवल्यावर सोडून दे मालकी."

"सोडीन. मला काय करायचीय मालकी? माझ्याकडे पाण्याचा एकच वार."

दोघं हसलो. प्रिस्काने पेरू कापून आणले होते. त्या दुपारी मला वाटलं, या मुलाला पायऱ्या लिहायला शिकवायला मला सदतीस वर्षं लागली, पण शिकवलं एकदाचं.

चौदातली एक उरली. नेमकी तीच. टोकन दुसऱ्याकडे जाण्याआधी तो दुसरा आपल्या सात घरांतला आहे की नाही, हे तपासणारा भाग. मी वाचून दाखवलं, "तुम्ही म्हणता, हे फंक्शन अमक्याच्या जागी येतं, पण तसं काही मला सापडतच नाही." दोनदा वाचलं. मग मीच म्हणाले, "तुझा व्हिडिओ जुना आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या ज्या तयार कोडवर, लायब्ररीवर, तू हे बांधतोयस, तिची नवी आवृत्ती आली असणार, त्यात हे नाव काढून टाकलं असणार. नवी माहिती काढ, त्या कामाला आता काय म्हणतात ते शोध."

"उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी मी डोळे दाखवायला वसईला गेले. परत आले तर तू फाटकात उभा. "बाई, झालं! हिरवं झालं!"

"शेवटची कशी काढलीस?"

"काढली ना."

आणि मी, जिने आयुष्यभर पायरीशिवाय गुण दिला नाही, तिने तुला पैकीच्या पैकी दिले. डोळ्यांत औषध घातलेलं होतं, समोरचं धूसर दिसत होतं. पण ही सबब आहे आणि मला सबबी आवडत नाहीत.

सातही घरांनी नव्या कागदावर सही केली: टोकन ज्याचं, वार त्याचा, बदल करायचा तर सातही टोकनवाल्यांची मान्यता हवी. तू सगळ्यांसमोर मालकी सोडलीस. टाळ्या वाजल्या. प्रिस्काने केक वाटला.

सात घरांतली एक बेटी. तिच्याकडे बटणांचा फोन. म्हणून तिचं बुधवारचं टोकन तिच्या मुलाच्या, ॲल्रॉयच्या फोनवर ठेवलं. मार्चमध्ये ॲल्रॉयने ते समुद्राच्या रस्त्यावरच्या बंगलेवाल्याला विकलं. त्या बंगल्यात पोहायचा तलाव आहे. समुद्र दोनशे पावलांवर असताना.

बुधवारी सकाळी बेटी विहिरीवर गेली, बटण दाबलं, काही नाही. दुपारी पंप आपोआप सुरू झाला आणि पाणी नव्या पाइपातून बंगल्याकडे निघालं. बेटी माझ्याकडे आली. "सरोजिनीबाई, पानी आमचं, नि बटन कोनाचं?" एप्रिलअखेर तिच्या केळींची पानं कडेने करपली, मोगरा तर गेलाच. सत्तरीची बाई माझ्या घरून कळशीने पाणी नेते.

तुला बोलावलं. तू लॅपटॉप उघडलास. तो भाग होता तिथेच होता, अक्षर न् अक्षर, फक्त प्रत्येक ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा. रेघा दिल्या की यंत्र ती ओळ वाचतच नाही. वाचत नाही म्हणून चूक दाखवत नाही. म्हणून हिरवं.

"स्विच बांधलास, स्टॅनी," मी म्हणाले.

तू डाव्या हाताची मूठ मिटलीस. "नंतर काढणार होतो रेघा. राहून गेलं."

"मग आता काढ."

"आता बदलता येत नाही, बाई."

"नवीन चढव."

"सातही टोकनवाल्यांची मान्यता लागते. आपणच लिहिलंय. आणि सातवा आता तो."

"पंपाची वायर काप!"

"तो बंगलेवाला नवा कागद दाखवेल. सगळ्यांच्या सह्या आहेत. माझी पहिली आहे."

मी त्या दिवशी तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. अंक चर्चमध्येही वाटला जातो.

पण मी बोलून थांबले नाही. वसईला वकील गाठला. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "कॉन्ट्रॅक्टमध्ये हा नियम असायचा ठरला होता, तो चुकून गळला, असं ज्याने लिहिलं त्याने प्रतिज्ञापत्रावर सांगावं. सोबत एकसष्टचा मूळ कागद. मग बेटीबाईंच्या बुधवारसाठी मला भांडता येईल. नाहीतर आज एक वार गेला, उद्या दुसरा जाईल, मग विहीरच त्यांची."

प्रतिज्ञापत्र तयार आहे. चार ओळी. माझ्या पर्समध्ये आहे. मी ते 'चुकून' खोडायला लावलं. 'मी काढला' असं लिहायला लावलं. तुला नेमकं तेच झोंबलं, होय ना? गावभर सगळे तुला कॉन्ट्रॅक्टवाला स्टॅनी म्हणायला लागले होते आणि आता नोटरीसमोर तोंडाने सांगायचं की लाल दिवा नको म्हणून मी नियमच झाकला. सांगायचं! दोन बोटं देऊन तू जे शिकला नाहीस, ते चार ओळी लिहून शिकशील की नाही मला ठाऊक नाही. पण बेटीची केळी तुझ्या शिकण्याची वाट बघत थांबणार नाहीत. परवा ऐकलं, शुक्रवारवाल्यांकडेही बंगल्याचा माणूस येऊन गेला.

मंगळवारी दहाच्या बसने कोर्टाजवळच्या नोटरीकडे जायचं ठरलं होतं. तू एकसष्टचा कागद आणणार होतास, मी प्रतिज्ञापत्र. मी पावणेदहाला स्टॉपवर होते. बेटीही आली होती, ठेवणीतली साडी नेसून, तिचं तिथे काही काम नसताना. दहाची बस गेली. अकराची गेली. बेटी म्हणाली, "ताप आला आसंल त्याला." त्याच्या पुढच्या मंगळवारीही उभ्या होतो.

कागद हरवलेला नाही. प्रिस्काने पाहिलाय. तुझ्या लॅपटॉपच्या बॅगेत, पुढच्या खिशात, मी दिला होता त्याच प्लास्टिकच्या पिशवीत.