मिलोचा आठवडा

कुणी कसलं गाऱ्हाणं सांगू लागलं, की मावशी हातोडी तशीच वर धरायच्या आणि विचारायच्या, "पेपरात हाय का?" नसेल, तर हातोडी खाली यायची. बोलणं संपलं.

मावशी आमच्या आळीतल्या, नात्यातल्या नव्हेत. दुष्काळात तिसगावजवळच्या रस्त्याला आम्ही सगळेच खडी फोडायला जायचो. कॉलेज बंद असलं की मीही. आमच्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून दुपारच्या सुट्टीत वर्तमानपत्र मी मोठ्यानं वाचावं, असं ठरून गेलं होतं. "वाचा, कालिजवालं," मावशी म्हणायच्या, "आज आपल्याला काय दुखतंय ते कळू द्या." बायका हसायच्या. मीही हसायचो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं अगदीच चुकत होतं, असंही मला म्हणवत नाही. प्यायच्या पाण्याबद्दल मावशी मुकादमाला दोनदा बोलल्या होत्या. त्यानं ऐकलं नाही. पेपरात आलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी टँकर आला.

एका सकाळी दगडाची कपची त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. पदराच्या घडीवर फुंकर घालून त्या डोळा शेकत राहिल्या. चार दिवसांनी डोळा लालभडक, पाणी थांबेना. मी म्हटलं, "मावशी, साहेबांना सांगू. नगरला न्यायला लावू."

"डोळ्याचं पेपरात हाय का?"

"नाही."

"मग? म्हातारीला दिसंना म्हनून कामावरनं काडत्याल."

त्याच आठवड्यात बातमी आली : रेशनवर मिळणाऱ्या मिलोला, त्या परदेशी लाल ज्वारीला, वास येतो, किडे निघतात. लगेच तालुक्याहून सरकारी जीप आली. साहेब वही उघडून बसले. बायका एकेक करून मिलोचं सांगू लागल्या. मावशींची पाळी आली. डोळ्यावर पदर धरून त्या म्हणाल्या, "मिलोला लई वास येतो, सायेब." साहेबांनी लिहून घेतलं. मी दहा पावलांवर उभा होतो.

जीप गेल्यावर मी चिडलो. "अहो मावशी, डोळ्याचं का नाही बोललात?"

"समद्यांचं मिलोचं चाललं हुतं. मधीच डोळा कुठं घालू?" मग हातोडी उचलत म्हणाल्या, "तुमी तरी बोलायचं हुतं, बाबा."

घरी येऊन मी पेपराला पत्र लिहिलं. एका म्हातारीच्या डोळ्याचं कोण छापणार, असं वाटलं आणि पाठवलं नाही.

उन्हाळा सरत आला, तेव्हा दुसऱ्याच कुठल्या कामावर खडीनं डोळे गेल्याची बातमी आली. ती मीच वाचून दाखवली. जीप आली, डॉक्टर आले. मावशींचा तो डोळा एव्हाना पांढरा झाला होता, दुसऱ्यानंही अंधुक दिसत होतं. डॉक्टर त्रासून म्हणाले, "बाई, इतके दिवस गप्प का बसलात?" मावशी माझ्याकडे वळल्या, पण मी उभा होतो तिथे नव्हे, जरा बाजूला बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. त्यांच्या जागी सून बसली. पहिल्याच तासाला तिची हातोडी बोटावर बसली. मी विचारलं, "लागलं का, वहिनी?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि बोट पदरात लपवलं.