पाकळीची खाच

निशिवाकी किहाचीचा हात म्हणजे देवाचा हात, असं ओसाकाच्या टांकसाळीत सगळे म्हणत, आणि सगळ्यांच्या आधी तो स्वतः. निवृत्तीला दोन महिने उरले असताना नव्या नाण्यावरचं साकुराचं, म्हणजे चेरीचं, फूल त्याच्या वाट्याला आलं. थाळीएवढ्या प्लास्टरवर भिंग लावून त्याने ते महिनाभर कोरलं. यंत्राने तेच चित्र नखाएवढं करून साच्यावर उतरवलं आणि चाचणीची सहा नाणी पाडली. सोमवारी ती मंजुरीसाठी टोकियोला जायची होती.

शनिवारी सकाळी चहा घेऊन आलेल्या ओत्सुनेबाईंनी एक नाणं न्याहाळलं. "अगं बाई! उमेचं फूल काय छान उठलंय हो!"

"उमे? डोळे आहेत का? साकुरा आहे ते!"

"मला नका शिकवू. दर वर्षी बरणीभर उमेची आंबट फळं खारवते मी. उमेची पाकळी गोल. साकुराच्या टोकाला खाच असते. दाखवा बरं, कुठाय खाच?"

"चहा ठेवा आणि निघा," किहाची फणकारला. त्या गेल्यावर त्याने भिंग बाजूला सारून नाणं नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. खाच नव्हतीच. प्लास्टरवर हौसेने केसाएवढी नाजूक कोरलेली खाच चित्र लहान होताना बुजून गेली होती. नवशिक्यानेही करू नये अशी चूक! हे नाणं बाजारात गेलं तर शेंबडं पोरही हसेल.

गप्प बसावं असं वाटलं नाही, असं नाही. पण तो उठला आणि विभागप्रमुख कुवाबारासमोर मान खाली घालून उभा राहिला. "माझं चुकलंय. फूल उमेचं झालंय. नाणी पाठवू नका."

कुवाबाराने टेबलावर डोकंच टेकलं. "सुटलो बुवा! आठ दिवस अन्न गोड लागत नव्हतं मला."

"म्हणजे तुला दिसलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"छिन्नी धरायला तुम्ही शिकवलंत. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू?"

किहाचीला राग येईना. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. सहाच तर नाणी, वितळवली की संपलं! कुवाबाराने टोकियोहून मुदत मागून घेतली. किहाचीने पाचही पाकळ्यांना उंदराने कुरतडल्यासारख्या रुंद खाचा पाडल्या. प्लास्टरवर ते फूल बघवत नव्हतं.

नवं नाणं आलं तेव्हा त्याने ते न बघताच कुवाबारापुढे धरलं. "आधी तू बघ. आणि दिसेल ते तोंडावर सांग."

"साकुरा!" कुवाबारा म्हणाला. मग जरा घुटमळला. "पण देठ जाड झालाय, निशिवाकीसान."

किहाचीने छिन्नी त्याच्या हातात दिली. "मग बस, बारीक कर."