सगळे अधिकार अध्यक्षाला

इकडे उत्तरेत, सीपरी बाजारात, आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. जगात कुठेही नवी लोकशाही जन्मली की बारशाला हे सगळ्यांत आधी हजर. पेपरची घडी मांडीवर, चष्मा कपाळावर, आणि मला थांबवून सांगणार, "हे बघा भैया, नव्या देशाला मजबूत अध्यक्षच पाहिजे. संसद म्हणजे नुसता हल्ला-गुल्ला."

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीची सोसायटी झाली. नियम अर्थातच त्यांनी लिहिले. पाण्याच्या मोटरपासून गच्चीच्या किल्लीपर्यंत सगळे अधिकार अध्यक्षाला. सभेत नियम वाचून झाल्यावर ते विनयाने खाली बघत बसले. तेवढ्यात कुणीतरी अध्यक्ष म्हणून शाळेत शिकवणाऱ्या, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं नाव सुचवलं आणि भराभर हात वर गेले.

हेडक्लार्कांनी घसा खाकरला. "एक मिनट. अध्यक्ष नामधारी असावा, खरी सत्ता समितीकडे. नव्या लोकशाहीला हेच मानवतं."

बाई हसल्या. "जैसा आप ठीक समझें, भाईसाहब."

मग हेडक्लार्कांनी समितीसाठी स्वतःचं नाव सांगितलं, त्यापाठोपाठ माझं. त्यांचं म्हणणं मला ताबडतोब पटलं.