तेराव्या पोराचा राखीव माणूस

विहीणबाईंना मी ओळखत होतो असं म्हणणं खरं होणार नाही. त्यांच्या मुलाचं आणि माझ्या मुलीचं लग्न झालं, तेव्हापासून आमचं नातं, पण ते "बरं आहे ना?" "बरं आहे" इतपतच. त्यांचं एक पाळणाघर होतं एवढं मला ठाऊक होतं. ते त्यांनी का काढलं, त्यांना मुलांची आवड होती की नुसती सवय झाली होती, एकटं असताना त्या काय करायच्या, यातलं मला काहीच सांगता येणार नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, आईंबद्दल तुम्हीच लिहा. शेवटी शेवटी तुम्हीच तिथे असायचात." असायचो खरा. पण तिथे काय चाललंय ते मला निम्मंच कळायचं, हे तिला कुठे माहीत आहे?

पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीकडेला बारा छोट्या खाटा, मागे मोरी आणि चहापुरता ओटा. विहीणबाई आणि त्यांच्या हाताखालची मावशी अशा दोघीच सगळं बघायच्या. परवानगीच तशी होती : मोठी माणसं दोन असतील तर मुलं बारा. तिसरं मोठं माणूस हजर असेल तर पंधरापर्यंत चालतील. बारा मुलांची नावं घातलेली होती आणि पाळणाघर बरं चाललं होतं. मग घरमालकाने भाडं वाढवलं.

मला हे कळलं ते जावयाने एकदा डबा पोचवायला पाठवलं तेव्हा. विहीणबाई कपाटाच्या दारासमोर खडू घेऊन उभ्या होत्या. दाराच्या आतल्या बाजूला त्या महिन्याचा हिशोब लिहायच्या. भाडं, मावशीचा पगार, दूध-साबण-औषधं, आणि शेवटी 'अडीअडचण'. त्या दिवशी अडीअडचणीपुढे काहीच उरलं नव्हतं. भाड्यालाच कमी पडत होतं.

"फी वाढवा," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"वाढवली तर निम्म्या आया पोरांना शेजारणीकडे टाकतील. नाहीतर थोरल्या बहिणीची शाळा बंद." त्या दाराकडेच बघत म्हणाल्या, "बारा पोरांत भागत नाही. चौदांत भागतं. दोन आया कधीच्या विचारतायत. पण तेरावं पोर आलं तर ठेवू कुठे? परवानगीच गेली तर सगळ्या बाराजणींचं काय?"

मी डबा ठेवला आणि निघणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बसा व्याहीबुवा. तुम्हाला एक दाखवते."

त्यांनी कॉम्प्युटर उघडला. वाचनालयात संध्याकाळचा फुकट वर्ग असायचा, तिथे त्या प्रोग्रॅम लिहायला शिकत होत्या हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. त्या वयात! मला अजून फोनवरचा आवाज कमी-जास्त करता येत नाही.

त्यांचं म्हणणं असं. पोरांची फी महिन्याची, आलं नाही तरी मिळते. आणि सगळी पोरं रोज येत नाहीत. कुणाला सर्दी, कुणाची आजी आलेली, कुणाच्या आईला सुट्टी. दहा दिवसांतले सात दिवस पोर येतं, तीन दिवस येत नाही, असा त्यांचा जुना अनुभव. मग नावं चौदा घातली, तर एका दिवशी तेरा किंवा चौदा पोरं येण्याची शक्यता किती? प्रोग्रॅम प्रत्येक पोरासाठी एक ते दहामधला एक आकडा उचलायचा. सात किंवा त्याच्या आत आला तर पोर आलं, वर गेला तर घरी राहिलं. चौदांचं झालं की एक दिवस संपला. असे हजार दिवस.

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं : ४८.

"हजारांतले अठ्ठेचाळीस दिवस जास्त पोरं," त्या म्हणाल्या.

"पण हजार दिवस अजून झालेत कुठे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. पुन्हा बटण दाबलं. ५२. पुन्हा दाबलं. ४५.

"मग यातलं खरं कुठलं?"

"तिन्ही."

मावशी पोराचे पाय पुसत होती. ती म्हणाली, "आजोबा, डोकं नका लावू. मी दोन महिने लावलं, शेवटी गोळी घ्यावी लागली."

मला इतकंच समजलं की महिन्यातून एखादा दिवस खाटांपेक्षा पोरं जास्त होणार. आणि त्या एका दिवसासाठी तिसरी बाई पगारावर ठेवणं परवडत नाही. विहीणबाईंनी खडू उचलला, अडीअडचणीच्या खाली एक ओळ लिहिली : 'राखीव माणूस – शून्य'.

"हे शून्य म्हणजे?"

"तुमचा पगार," त्या म्हणाल्या. "तेरावं पोर आलं की फोन करीन. तुमच्या घरून इथे यायला दहा मिनिटं लागतात ना?"

मी नाही कसं म्हणणार? मला लहान मुलांची भीती वाटते हे विहिणीला सांगायची का गोष्ट आहे? माझ्या स्वतःच्या मुलीला मी मान धरायला लागल्यावरच उचलून घेतलं होतं. पण महिन्यातून एकदाच तर जायचं होतं.

नवी दोन पोरं दाखल झाली. पहिल्याच आठवड्यात मंगळवारी फोन आला. गेलो. तेरावं पोर म्हणजे एक गुबगुबीत मुलगा, सगळे त्याला 'गाठोडं' म्हणायचे. त्याच्यासाठी जमिनीवर गादी घातली. त्याने माझं बोट धरलं आणि सोडेनाच, म्हणून मीही शेजारी आडवा झालो. मावशीने उठवलं तेव्हा गाठोडं केव्हाच खेळायला गेलं होतं आणि माझ्या अंगावर कुणीतरी चिमुकली चादर घातली होती, गुडघ्यापर्यंतच पुरणारी.

बुधवारी सकाळी पुन्हा फोन.

"कालच तर झाला की या महिन्याचा!" मी म्हणालो.

"प्रोग्रॅमला कालचं आठवत नसतं, व्याहीबुवा. प्रत्येक दिवस नवा. या लवकर."

शुक्रवारी तिसऱ्यांदा. मग पुढचे तीन आठवडे एकही फोन नाही. मला वाटलं, मला काढून टाकलं. पगारच शून्य, तर काढून टाकलेलं कळणार तरी कसं? मुलीला आडून विचारलं, तर म्हणाली, "आई म्हणतात, सगळं हिशोबात बसतंय, पण काहीतरी बसत नाहीये." हे ऐकून मी आणखीच गोंधळलो. निदान एवढं बरं वाटलं की तिकडेही गोंधळच आहे.

मग एका सोमवारी फोन आला. मी पोचलो आणि दारात वाकून चप्पल काढत होतो, एवढ्यात मागून एक लोंढाच अंगावर आला. पाच पोरं एकदम. एकाचं डोकं माझ्या पोटात, दुसऱ्याचा डबा माझ्या पायावर. मी दाराची चौकट धरून कसाबसा उभा राहिलो. त्यांच्या आया कोपऱ्यावर थांबलेल्या बसकडे पळत सुटल्या होत्या.

आत जाऊन मी विहीणबाईंना म्हणालो, "तुमच्या त्या प्रोग्रॅमला जरा सांगा हो, पोरं एकेक करून पाठव म्हणावं. ही पाच नेहमी एकदमच कशी येतात?"

विहीणबाईंच्या हातात दुधाचा पेला होता. तो त्यांनी तसाच मावशीच्या हातात दिला.

"पुन्हा म्हणा."

मला वाटलं, चुकलंच काहीतरी. "नाही, म्हणजे तक्रार नाही. लागलं नाही फारसं."

"एकदम येतात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आणि एकदमच येत नाहीत."

त्या पाचही पोरांच्या आया गावाबाहेरच्या एकाच शिवण कारखान्यात होत्या. माल शिवायचा असला की कारखान्याची बस यायची आणि पाचहीजणी पोरं सोडून कामाला जायच्या. माल नसला की बस नाही, काम नाही, पाचही पोरं घरी. विहीणबाईंना हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. ज्या दिवशी पाच डबे कमी धुवावे लागायचे तो त्यांचा हलका दिवस असायचा. पण प्रोग्रॅम लिहायला बसल्यावर त्यांनी प्रत्येक पोराचा आकडा वेगळा उचलला. जणू त्या पाचजणींचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता.

दुपारी पोरं झोपल्यावर त्यांनी प्रोग्रॅम बदलला. पाचजणांसाठी आता एकच आकडा : आली तर पाचही, नाहीतर एकही नाही. उरलेल्या नऊजणांचे पूर्वीसारखे वेगवेगळे. बटण दाबलं. १३७.

"महिन्यातून तीन दिवस," त्या म्हणाल्या. आणि खाली बसल्या. त्यांना असं बसलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. "महिन्यातून तीनदा तुम्ही आला नाहीत तर मी परवानगी मोडणार. आणि बोलावू तरी किती? तुमचं वय काय, गुडघे काय. त्या नव्या दोन आयांना नाही म्हणून सांगावं लागेल. मग भाडं नाही निघणार."

मावशी म्हणाली, "म्हणजे बंदच की."

गाठोड्याने झोपेत कूस बदलली.

मी म्हणालो, "कारखाना बंद असला तर किती पोरं येतात?"

"जास्तीत जास्त नऊ."

"मग त्या दिवशी मी कशाला लागतो?"

"लागतच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "एक टक्कासुद्धा नाही. आणि कारखाना चालू असला तर पाचातला एक दिवस. आणि चालू की बंद हे आयांना आदल्या संध्याकाळीच कळतं!"

त्या उठून कपाटाशी गेल्या. मला मात्र त्यांचं म्हणणं आजवर पचलेलं नाही. त्यांच्या हिशोबाने सकाळी मी सातातून एकदा लागणार होतो. संध्याकाळी एका बाईला फोन करून विचारताच मी पाचातून एकदा लागतो, किंवा अजिबात लागत नाही. आणि तोपर्यंत मी घरी खुर्चीवरून हललेलोही नसतो! मी हे त्यांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही बदलत व्याहीबुवा. मला ठाऊक असलेलं बदलतं." अजून विचार करतो कधीकधी.

शेवटी एक प्रश्न उरला होता. त्यांनी तो भीडभाड न ठेवता विचारला. "बोलावलं तर दहातून किती वेळा याल? खरं सांगा. भिडेखातर नको."

मी मनाशी मोजलं. गुडघा, डॉक्टर, पाऊसपाणी, आणि माझा एकूण स्वभाव. "सहा. फार तर सात."

त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. मी चष्मा सरकवून पाहिलं, तर नऊ लिहिले होते.

"मी सहा म्हणालो."

"ऐकलं मी."

त्यांनी नऊ का लिहिले? तो हिशोब होता, चेष्टा होती, की मी यावं म्हणून केलेली युक्ती होती? मला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. पण त्यानंतर मी एकदाही चुकलो नाही. गुडघ्याला पट्टा बांधून गेलो, पण गेलो. नऊच्या खाली जायची लाज वाटायची.

भाडं निघत राहिलं. कुठल्याही आईला नाही म्हणावं लागलं नाही. रोज संध्याकाळी विहीणबाई एका कारखानावालीला फोन करायच्या आणि मग मला. "उद्या चालू" किंवा "उद्या बंद". एवढंच बोलणं. चालू असलं की मी पट्टा उशाशी ठेवायचो. दोन वर्षं आमचं असं चाललं, आणि एवढ्या संध्याकाळी बोलूनही मी त्यांना त्यांच्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

त्या अचानक गेल्या. सकाळी फोन वाजला तेव्हा मी सवयीने पट्टा शोधायला लागलो, पण फोन जावयाचा होता. पाळणाघर आता मुलगी आणि मावशी बघतात. कपाटाच्या दारावरचं शून्य अजून तसंच आहे, आणि प्रोग्रॅम कुणालाच चालवता येत नाही. संध्याकाळचा फोन आता मुलगी करते.

त्या गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला होता तो नेहमीसारखाच.

"उद्या बंद आहे," त्या म्हणाल्या. "आराम करा."

"म्हणजे मी लागणार नाही?"

"अजिबात नाही."

"तरी आलो तर?"

"या की," त्या म्हणाल्या. "चहा टाकीन."