फळ्यामागं ऐकलेलं

‘बांधलं हं,’ असं म्हणत बाई पदराच्या टोकाला गाठ मारायच्या. मधल्या सुट्टीत एखादं पोर त्यांच्या कानाशी लागायचं आणि काहीबाही सांगायचं. आईला ताप आलाय, मी भावाला चावलो, आमची शेळी हरवली. बाई गंभीर चेहऱ्यानं सगळं ऐकून घ्यायच्या आणि एक गाठ मारायच्या. शाळा सुटायच्या वेळी त्यांच्या पदराचं टोक खारकांच्या माळेसारखं दिसायचं. मग त्या देवळात जायच्या. चर्चला त्या देऊळच म्हणायच्या. तिथं गुडघे टेकून एकेक गाठ सोडायच्या आणि त्या त्या मुलाचं गाऱ्हाणं देवाच्या कानावर घालायच्या. गाठ मारायला कुठलीही जागा चाले, सोडायला मात्र तेवढी एकच.

मी सांगतोय ते मध्य भारत राज्याच्या दिवसांतलं. होळकरांचं राज्य विलीन झालं होतं आणि नवं सरकार उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला बिऱ्हाड हलवत होतं. जुन्या दरबारी कचेरीत जन्म घालवलेले माझे वडील ते बघून रोज कुरकुरायचे. त्यात मी छावणीकडच्या एका मिशनच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो. जुनी इंदूरच्या आमच्या आळीत बातमी अशी पसरली की मी अजून बाटलो नसलो तरी बेतात आहे.

बाई मूळच्या नगरकडच्या, मराठी कॅथलिक. सिस्टर नव्हत्या; नऊवारी नेसणाऱ्या, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेल्या साध्या शिक्षिका. वीस वर्षं इंदुरात काढल्यामुळे बोलताना मध्येच हिंदी यायची आणि त्यांना ते कळतही नसे. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण देणं हे त्यांचं काम. बाकीची मुलं त्या तासाला माझ्याकडे चित्रं काढायला यायची, आणि मधे नुसतं लाकडी पार्टिशन असल्यामुळे बाईंचा तास मला फुकटात ऐकू यायचा.

तेरा मुलं होती. काही होळकरांच्या बँडात वाजवणाऱ्या गोवेकरांची, काही रेल्वेवाल्यांची, दोघी भिल्लांच्या पाड्यावरून वसतिगृहात आलेल्या. धर्मशिक्षण म्हणजे प्रश्नोत्तरांचं पुस्तक घोकणं, असा तेव्हा सगळीकडे रिवाज होता. बाई म्हणायच्या, ‘आधी हात, मग तोंड.’ हाताला काही केल्याशिवाय त्या तोंडानं काही म्हणू देत नसत.

चांगल्या मातीतलंच बी तेवढं पिकतं, ही येशूची पेरणाऱ्याची गोष्ट आली तेव्हा त्यांनी खिडकीत बांबूच्या चार पाट्या मांडल्या. एकीत चोपलेली वाट, एकीत खडे, एकीत बोरीचे काटे आणि एकीत आपली काळी माती. चारींत मुलांनी गहू पेरले. आठ दिवसांनी बघतात तर गहू चारीही पाट्यांत उगवून आलेले, आणि खड्यांतले तर सगळ्यात तरतरीत. मुलं बाईंच्या तोंडाकडे बघायला लागली. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ‘ही माळव्याची हवा आहे बाळांनो. येशूनं गोष्ट दुसऱ्या गावी सांगितली होती.’ पार्टिशनच्या अलीकडे मी हसलो, तर माझा अख्खा वर्ग उठून खिडकीतले गहू बघायला धावला.

मुख्याध्यापिका सिस्टरना हे प्रकार पसंत नव्हते. त्या युरोपातून आलेल्या, शिस्तीच्या, पण वाईट मुळीच नव्हत्या. परीक्षा घ्यायला येणारे फादर पुस्तकातले प्रश्न विचारतात, गव्हाचे नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी तेरांपैकी सात जणांची पहिली कबुली आणि मग ईस्टरनंतर पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे वेदीपाशी पवित्र भाकर घेणं, व्हायचा होता. कबुली म्हणजे देवळात जाळीच्या पडद्यापाशी गुडघे टेकायचे आणि पलीकडच्या फादरना आपली पापं सांगायची. फादर ऐकून क्षमा देतात आणि ऐकलेलं पुन्हा कधी कुणाला सांगत नाहीत. मुलं त्या जाळीला आणि पलीकडच्या पुरुषी आवाजाला भ्यायची. म्हणून बाईंनी वर्गातच तालीम घ्यायचं ठरवलं. माझा पायांवर उभा राहणारा फळा मागून नेला, त्यावर जुनी शाल टाकली आणि मग मलाच मागितलं.

‘सर, पुरुषाचा आवाज तेवढा हवा. तुम्ही फळ्यामागं बसा.’

मी म्हटलं, बाई, मी देशस्थ ब्राह्मण. त्या म्हणाल्या, आवाजाला कुठं जात असते.

तालमीचा नियम एकच होता: खरी पापं सांगायची नाहीत, बनवलेली सांगायची. खरी देवळासाठी राखून ठेवायची. तुम्हाला सांगतो, इतकी करमणूक माझी नाटकातही झाली नाही. एकानं राजवाड्यासमोरचा हत्ती चोरला होता. एकीनं सराफ्यातल्या हलवायांच्या सगळ्या जिलब्या एका बैठकीत संपवल्या होत्या. ‘और कढाई भी खाई,’ ती पुढे म्हणाली. मी शाळामास्तर, माझ्या तोंडून निघून गेलं की उद्या शंभर वेळा लिहून आण. बाई फळ्याला वळसा घालून आल्या आणि हळूच म्हणाल्या की शिक्षा नव्हे सर, प्रायश्चित्त. तीन प्रार्थना सांगा आणि शांतीनं जा म्हणा. मी तसं म्हणायला शिकलो. घरी आईला हे सांगितलं तेव्हा तिनं माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या.

अशात एक दिवस सिस्टरनी ईस्टरआधीच्या उपासांत मूर्ती झाकायच्या जांभळ्या कापडांसाठी बाईंच्या वर्गातलं कपाट उघडलं. नाताळच्या गव्हाणीतला बाळ येशू तिथं कापसात गुंडाळून ठेवलेला असे. वीतभर मूर्ती, प्लास्टरची, पण सिस्टरनी ती आपल्या गावाहून बोटीनं मांडीवर घेऊन आणली होती. त्या बाळाची मान आणि एक हात मोडलेला होता. कुणीतरी डिंकानं चिकटवायचा प्रयत्न केला होता आणि मान जराशी वाकडी बसली होती. सिस्टर ती मूर्ती हातात घेऊन रडल्या. तोवर मला वाटायचं त्यांना रडता येत नाही.

त्यांनी तेरा जणांना उभं केलं. ज्यानं हे केलं असेल त्याचा यंदाचा ख्रिस्तप्रसाद बंद, असं सांगून कोण ते विचारलं. आता इतकं सांगितल्यावर कोण पुढे येणार? कुणी आलं नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, किल्ली माझ्याकडे असते, कपाट मी उघडं टाकलं असणार, चूक माझी. सिस्टरना तेच म्हणायचं होतं. मुलांच्या हाती सगळं द्यायची ही पद्धतच याच्या मुळाशी आहे, असं त्या म्हणाल्या. ईस्टरपर्यंत कुणी कबूल झालं तर ठीक. नाहीतर पुढे हा वर्ग त्या स्वतः पुस्तकावरून घेतील आणि बाईंनी धारकडच्या मिशनच्या वसतिगृहावर देखरेखीला जावं. तिथं स्वयंपाकघर आणि गोदाम सांभाळायचं होतं, वर्ग नव्हता. वीस वर्षं खडू धरलेल्या बाईला हे किती लागलं असेल ते बघा. पण त्या दुसऱ्या दिवशी तालमीची शाल झटकून परत फळ्यावर टाकत होत्या.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची तालीम. फळ्याच्या खालून मला मुलांचे पाय दिसायचे. त्या पायांवरून मी सगळ्यांना ओळखायचो, जसं मुलं मला खोकल्यावरून ओळखायची. एका सँडलचा पट्टा सुतळीनं बांधलेला होता. मुलगी आठ वर्षांची असेल. तिनं काही बनवलंच नाही. मग म्हणाली,

‘खरं पाप चालेल का?’

मी खोकलो. तिनं तो होकार समजला.

बाळाला थंडी वाजत असेल म्हणून तिनं त्याला कपाटातून काढलं होतं, रुमालात गुंडाळायला. तो निसटला. मग तिनं माझ्या टेबलावरच्या बाटलीतला डिंक चोरला. माझी बाटली रिकामी कशी झाली हे मला तेव्हा कळलं. हे सांगून झाल्यावर ती फळ्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाली,

‘डिंकाचं चित्रकलेच्या सरांना मत बताना. तुम्हीच ते, मला माहीत आहे. पर यहाँ तो आप वो नहीं हो ना?’

मी तीन प्रार्थना सांगितल्या आणि शांतीनं जा म्हटलं.

तास सुटताच मी बाईंना गाठलं. म्हटलं, मूर्ती कुणी मोडली ते मला समजलंय, आत्ताच सिस्टरकडे चला. बाईंनी चटकन हात वर करून मला थांबवलं.

‘सर, तुम्ही फळ्यामागं होता.’

मी चिडलो. मला आजही राग आवरत नाही, तेव्हा तर पंचवीस वर्षांचा होतो. मी म्हटलं, मी काय पादरी आहे? तो फळा माझा आहे, त्यावर मी उद्या भेंडीचं चित्र काढणार आहे. उगीच सोवळं करून बसू नका. तुमचा वर्ग जातोय.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘तुम्ही पादरी नाही हे मला ठाऊक आहे, देवालाही ठाऊक आहे. पण लेकरू तुम्हाला सांगायला आलंच नव्हतं. आता हे बाहेर आलं तर ते मूल जन्मभर कुठल्याही पडद्याशी खरं बोलणार नाही. मग मी शिकवलं काय? वर्ग काय, तो आज आहे, उद्या नाही.’

मी विचारलं, निदान मी तिच्या कानात सांगू का, की सिस्टरकडे जा. त्या म्हणाल्या, तेही ऐकलेलं वापरणंच झालं ना. नाव विचारण्याची उत्सुकता त्यांच्या चेहऱ्यावर मी शोधली. मला ती दिसली नाही. बाईंच्या हट्टापुढे मी हरलो. पुढे ईस्टरपर्यंत रोज ती सुतळी बांधलेली सँडल व्हरांड्यात दिसली की माझ्या जिभेच्या टोकावर यायचं आणि मी गिळायचो. त्या मुलीचाही मला राग येई आणि लगेच दयाही येई. तिची आई रात्रंदिवस तिचा पांढरा फ्रॉक शिवत होती, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

ईस्टर आला. सातही जणांची खरी कबुली झाली. मी मुद्दाम देवळाच्या पायरीशी उभा होतो. ती बाहेर आली तेव्हा आत्ताच तोंड धुतल्यासारखी दिसत होती. पुढच्या रविवारी पांढरे फ्रॉक, मेणबत्त्या, सगळं यथासांग झालं. सिस्टरकडे मात्र कुणी गेलं नाही, आणि सिस्टर शब्दाच्या पक्क्या होत्या.

बाई निघाल्या त्या दिवशी मी आणि वर्गातली काही मुलं धारच्या मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. त्यांचं सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि गव्हाच्या त्या चार रिकाम्या पाट्या. मी विचारलं, वर्ग नाही तर या कशाला? त्या म्हणाल्या, पोरं तर असतील.

मोटार सुटायच्या बेतात होती. मुलं नमस्कार करून बाजूला झाली आणि ती मुलगी एकदम परत वळली. तिनं बाईंचा पदर धरून त्यांना खाली वाकवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगत होती. बाईंचा चेहरा वर्गातल्यासारखाच होता, जणू कुणाची शेळी हरवली आहे. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग पदराचं टोक हातात घेतलं.

‘बांधलं हं,’ त्या म्हणाल्या.

मी पुढे झालो. म्हटलं, बाई, आता तर तिनं तुम्हालाच सांगितलं. यात फळाबिळा काही नाही. ट्रंक उतरवतो, सिस्टरकडे जाऊ. मोटार चुकली तर चुकली.

बाई हसल्या. ‘सर, गाठ कुठं सोडायची ते ठरलेलं आहे,’ म्हणाल्या आणि मोटारीत चढल्या.

त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत. पहिल्या नाताळला पत्र आलं होतं, की इथल्या खडकाळ जमिनीतसुद्धा गहू बरे उगवतात. मग पत्रंही थांबली. शाळेत धर्मशिक्षणाचा तास पुस्तकावरून चालू लागला आणि पार्टिशनपलीकडून एका सुरातलं घोकणं ऐकू यायचं. फळा माझ्याकडे परत आला. त्याच्या एका बाजूवर मी पुढे भेंडी, वांगी, मोर, राजवाडा, सगळं काढलं. दुसरी बाजू, जिकडे मी बसायचो, ती कोरीच राहू दिली. का, ते मला सांगता येणार नाही.

बाई मला फार आठवतात. त्यांच्याएवढं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. त्या मुलीचं नाव मात्र मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही, आणि इथंही लिहिणार नाही. मोटार वळली तेव्हा बाईंच्या पदराचं टोक दारात अडकून बाहेर राहिलं होतं. मी हाक मारणार होतो, तेवढ्यात आतून एक हात आला आणि त्यानं गाठीसकट ते टोक आत ओढून घेतलं.