गंगेची कासवं

मी कशाचा अभ्यास करत होते, ते फोनवर तुम्हा दोघांना नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

नागपूरला प्राणिशास्त्र शिकून एकोणीसशे साठच्या सुमारास मी पुसदजवळच्या एका गावात सून होऊन आले. काशीहून परतलं की मावंदं घालायचं, गंगेच्या पाण्याची पूजा करून गावाला जेवू घालायचं, ही रीत सगळीकडेच होती. आमच्या गावात मात्र त्या पाण्यासोबत गंगेतलं कासवाचं पिल्लूही आणत आणि पंगत बसायच्या आधी तळ्यात सोडत. पुण्याचं काम.

आपल्याकडच्या कासवांची पाठ सपाट असते. या पाहुण्यांची कौलासारखी मधोमध उंच. ती शेवाळ खात, कोवळे वेल खात आणि वाढतच चालली होती. तळ्यात शिंगाड्याचा वेल होता आणि त्यावर एका ढिवरणीचं, म्हणजे भोईणीचं, घर चालत होतं. ती आमच्या दारात उभी राहून भांडायची.

"देव हायेत म्हन्ता, मंग तुमच्या हौदात ठेवा न! माहे शिंगाडे कायले खाऊन राह्यले?"

मी काही कासवं उघडून पाहिली. पोटात शिंगाड्याचे कोंब होते. काठावरची घरटी शोधली, अंडी काढली. निष्कर्ष सरळ होता. सगळी बाहेर काढायची, आणि पूस नदीत सोडायची नाहीत, नाहीतर तिथंही हेच होईल. म्हणजे मारायचीच. कासवं ज्या दगडांवर उन्हाला बसत, त्यांच्या कडेला पाण्यात आम्ही टोपल्या लावल्या; खाली उतरताना ती आत पडत. तळं हळूहळू रिकामं झालं.

एकच उरलं. ते माझ्या थोरल्या जाऊबाईंचं होतं. त्यांची एकुलती एक लेक तापानं गेली. तिच्या अस्थी घेऊन त्या काशीला गेल्या आणि येताना हे पिल्लू घेऊन आल्या. त्याला लेकीच्याच नावानं हाक मारायच्या. ते घाटाशी यायचं आणि हातातली पोळी खायचं.

"तेवढं एक राहू दे," तुमचे आजोबा म्हणाले. मलाही तेच हवं होतं. पण ती मादी होती. नर उरला नाही तरी आधीच्या नराचं बीज पोटात साठवून मादी पुढं काही वर्षं पिल्लं होणारी अंडी घालू शकते, हे मला ठाऊक होतं आणि घरात मी ते बोलूनही बसले होते.

एका सकाळी जाऊबाई ओल्या पदरात ते घेऊन आल्या.

"जाऊबाई, मी मागितलं नव्हतं."

"मले मालूम हाये. त्या ढिवरणीच्या घरीबी लेकरं हायेत." त्यांनी कासव माझ्या हातात दिलं. पदर पिळता पिळता म्हणाल्या, "एका लेकराले किती खेपा पोचवाव लागते वं?"

मी माझं काम केलं.

संध्याकाळी त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पोटुशी होती का?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या माझ्याकडं पाहू लागल्या.

"होती," मी म्हटलं.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि मला ताट घ्यायला सांगितलं.