सूचनारावांचा शेवटचा फलक

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात सूचनारावांनी तीस वर्षं फलक लिहिले आणि तीस वर्षांत एकाही माणसाने त्यांचं ऐकलं नाही. 'येथे वाहने लावू नयेत' या पाटीला आमच्या सायकली टेकलेल्या असत. 'शांतता राखा'च्या खाली उभं राहून आम्ही भांडायचो. त्यांचं खरं नाव असेल कुठल्यातरी कागदावर. आम्ही सूचनाराव म्हणायचो आणि ते ओ द्यायचे.

निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा ते मला म्हणाले, "एकदा, फक्त एकदा, माझं काम बघून कुणीतरी तसं वागावं. मग मी सुखानं घरी बसेन."

मी "हो, हो" म्हटलं. तीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात वरून आदेश आला: ऑनलाइन फसवणुकीपासून सावध करणारं माहितीचित्र भिंतीवर लावा. सूचनारावांनी आठ दिवस खपून एक चित्र काढलं. फोनवर एक अनोळखी माणूस. त्याच्या हातात घड्याळ, कारण त्याला घाई. त्याच्या तोंडासमोर किल्ली, कारण त्याला तुमचा पासवर्ड हवा. आणि शेवटी फोन खाली ठेवणारी बाई. खाली दोनच शब्द: 'फोन ठेवा.' बाकी कागद कोरा. ती बाई हुबेहूब त्यांची ताई होती. थोरली बहीण, घरात ही दोघंच.

साहेबांनी चित्र दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. "अहो, अर्धा कागद रिकामा! लोक म्हणतील, आपल्याला काही माहितीच नाही."

मग कागद भरला. साहेबांचा फोटो आला, साहेबांचा संदेश आला, सत्तावीस सूचना आल्या. बाई आधी कोपऱ्यात गेली, मग फोटोच्या मागे गेली, मग गेलीच. पासवर्ड कसा असावा हे अडाण्यालाही कळावं म्हणून साहेबांनी स्वतः एक नमुना रचला, हत्ती#७२जिना*चमचा, आणि तो मधोमध लाल रंगात वीतभर अक्षरांत काढायला लावला. मूळ चित्र सूचनाराव गुंडाळून घरी घेऊन गेले. ताईंनी ते घरातल्या फोनच्या वर, भिंतीवर चिकटवलं.

फलक लागला आणि आक्रीत घडलं. लोक वाचायला लागले! रोज सकाळी खुर्चीत बसलं की प्रत्येकाची मान वर. टंकलेखक बाईंनी नवा चष्मा केला. मीटरवाल्यांनी मधलं कपाट आपण होऊन हलवलं, फलक दिसत नाही म्हणून. सूचनाराव दारात उभे राहून बघायचे. एकदा मी त्यांना डोळे पुसताना पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते मला ठाऊक होतं. खुद्द साहेबांनी मंजूर केलेला तयार पासवर्ड समोर असताना नवा शोधत कोण बसतो? सगळ्यांनी तोच घेतला होता. मीही. साहेबांनीही.

पुढे तपासणी निघाली, म्हणून रविवारी रंगारी बोलावले. सोमवारी सकाळी आम्ही संगणक सुरू केले, माना वर केल्या, तर समोर पांढरीशुभ्र भिंत. फलक रंगाऱ्यांनी फाडून टाकला होता. हत्ती सगळ्यांना आठवत होता. पुढचं कुणालाच नाही. खिडकीबाहेर रांग वाढत होती, तपासणीवाले बाराला यायचे होते आणि सूचनाराव दाढ काढायला रजेवर. साहेबांनी त्यांच्या घरी फोन लावला. मी शेजारीच होतो.

"हॅलो, मी साहेब बोलतोय. फार घाई आहे. तो पासवर्ड सांगा आधी!"

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. साहेबांनी पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ते ओरडले, "मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही ना," ताई म्हणाल्या. "म्हणून तर ठेवते."

चौथ्यांदा "भिंतीवरच्या चित्रात तसंच लिहिलंय," म्हणाल्या आणि ठेवला. तपासणीवाल्यांनी बंद संगणक पाहिले आणि साहेबांना जे सुनावलं, ते आम्ही दाराला कान लावून ऐकलं.

मंगळवारी सूचनाराव सुजलेला गाल घेऊन आले. भिंत पाहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं सांगावं लागलं. "म्हणजे वाचत नव्हते?" एवढंच म्हणाले आणि बसले. इतकं वाईट मला माझ्या स्वतःच्या कुठल्याच लबाडीचं वाटलेलं नाही.

इतक्यात साहेब मेमो घेऊन तरातरा आले. "तुमच्या ताईंनी माझा फोन आपटला! शासकीय कामात अडथळा! त्या म्हणतात, भिंतीवरच्या कुठल्याशा चित्रात तसं लिहिलंय!"

सूचनाराव हळूहळू उभे राहिले. "चित्रात बघून ठेवला?"

"हो! एकदा नाही, चार वेळा!"

सूचनारावांनी मेमो दोन्ही हातांनी घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि परत साहेबांपुढे धरला.

"साहेब," ते म्हणाले, "यात नुसतं 'वारंवार' लिहिलंय. चार वेळा असं लिहून द्या ना."